नागिणीनंतर हात लुळा पडतो, त्याचा दोष गोळ्यांना देऊ नका

नाशिकमधल्या आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर सध्या एक संदेश फिरतो आहे: डॉक्टरांच्या गोळ्यांनी नागीण ‘आत जाते’ आणि हात लुळा पडतो, म्हणून फक्त गेरूचा लेप लावावा, नागीण मंत्राने उतरवून घ्यावी, लुळा हात बांधून ठेवावा आणि नागिणीची तोंडे जुळू देऊ नयेत, नाहीतर माणूस दगावतो. तो वाचून दिंडोरीच्या आमच्या मामांनी फिजिओथेरपी थांबवली आणि हात गळ्यात बांधला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

मामांच्या खांद्यावर नागीण उठली होती. खपल्या धरल्यानंतर त्यांचा उजवा हात द्राक्षबागेतल्या मांडवाच्या तारेपर्यंत उचलेना; छाटणीची कात्री मुठीत घट्ट धरता येते, पण खांदा वर जात नाही. गोळ्या आधी आणि अशक्तपणा नंतर, हा क्रम संदेशात बरोबर सांगितला आहे, एवढे मान्य करावे लागेल. पण पुरळ उठल्यावर दोन-तीन आठवड्यांत हाताची ताकद जाणे ही या आजाराचीच रीत आहे.

मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९७२ मध्ये नागिणीच्या बाराशेहून अधिक रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली आणि त्यांतील सुमारे ५ टक्के रुग्णांचे स्नायू अशक्त झाल्याचे नोंदवले. ज्या ॲसायक्लोव्हिरवर आज खापर फोडले जाते, ते औषध रुग्णांच्या हाती पडले १९८०च्या दशकात. जी गोळी तेव्हा बाजारातच नव्हती, तिने या लोकांचे हात कसे लुळे पाडले, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगावे. मुळात हा विषाणू बाहेरून आत जातच नाही. कांजिण्या येऊन गेल्यावर तो मज्जारज्जूलगतच्या चेतागाठींत वर्षानुवर्षे दबा धरून बसतो, आणि पुन्हा उसळला की बहुधा संवेदनेच्या नसेपुरताच राहतो, पण कधी कधी त्याचा दाह शेजारच्या, स्नायू हलवणाऱ्या नसेपर्यंत पोचतो. मानेतली पाचवी-सहावी नस सापडली, तर खांदा आणि कोपर दुबळे होतात. गोळ्या या विषाणूची वाढ रोखतात, आणि पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर त्यांचा उपयोग सर्वाधिक होतो. लेप आणि मंत्र यांत नेमका हाच वेळ जातो, याचा मला संताप येतो.

हात बांधून ठेवण्याचा सल्ला तर सरळ नुकसान करणारा आहे. बहुतेकांची ताकद बऱ्याच अंशी परत येते, पण त्याला अनेक महिने, कधी वर्ष-दोन वर्षे लागतात, आणि तेवढ्या काळात न हललेला खांदा आखडून बसला, तर नस सुधारूनही हात वर जाणार नाही.

तोंडे जुळण्याच्या भीतीत काही अर्थ नाही, कारण नागीण एका बाजूच्या नसेच्या पट्ट्यात उठते आणि सहसा शरीराच्या मध्यरेषेवर थांबते. मात्र हाताबरोबर तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर ते नागिणीचे समजून घरी थांबू नये. तो पक्षाघात असू शकतो आणि तेव्हा तडक रुग्णालय गाठावे लागते.