‘फोनने कुठे दारू कमी होते?’ होते, पण थोडी, आणि नीट विचारलं तरच

गेले काही दिवस एक मजकूर या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतोय. सार असं: तरुणांचं पिणं आटोक्यात आणायला निघालेली अ‍ॅप्स आणि मेसेज म्हणजे शुद्ध थोतांड. ज्याला प्यायची तो पिणारच. पेग मोजून कुणी कमी पीत नाही. मोबाइलला सगळे खोटंच सांगतात. ‘कमी प्या’ म्हणजे शेवटी ‘प्या’च. आणि वर नेहमीची फोडणी: ज्या फोनने पिढी बिघडवली, तोच आता ती सुधारणार!

वाचायला खमंग आहे. पण यातले सगळे मुद्दे सारखेच चुकलेले नाहीत. एक तर बराचसा खरा आहे, फक्त तो का खरा आहे हे लिहिणाऱ्याच्या गावीही नसावं.

‘ज्याला प्यायची तो पिणारच.’

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियामध्ये डॉ. ब्रायन सफोलेटो आणि सहकाऱ्यांनी इस्पितळांच्या आपत्कालीन विभागात आलेले १८ ते २५ वयाचे ७६५ तरुण निवडले. सगळेच धोक्याच्या पातळीवर पिणारे. साधन म्हणाल तर साधा एसएमएस, तोही १२ आठवडे. त्यातल्या एका गटाचा फोन दर गुरुवारी वाजायचा: या शनिवार-रविवारी प्यायचा बेत आहे का? किती? बेत मोठ्या बैठकीचा असेल तर पुढचा प्रश्न यायचा: या वेळी मर्यादा ठरवायला तयार आहेस का? मग जसं उत्तर, तसा प्रतिसाद. रविवारी पुन्हा विचारणा: प्रत्यक्षात किती झाली?

२०१४ साली निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी या गटातले एका बैठकीत बेसुमार पिण्याचे दिवस महिन्याला सरासरी अर्ध्या दिवसाने घटले होते. ज्यांना काहीच पाठवलं नाही, त्यांचे दिवस घटले नाहीत. अर्धा दिवस म्हणजे काय मोठं, असं कुणी म्हणेल. मोठं नाहीच. पण ‘पिणारच’ या शब्दातल्या ‘च’ला तेवढं पुरतं.

मला यात गुरुवार महत्त्वाचा वाटतो. ‘आज बसायचं का?’ या प्रश्नाला शनिवारी संध्याकाळी मित्रांच्या घोळक्यात उत्तर देणं वेगळं आणि दोन दिवस आधी, एकटं असताना, शुद्धीत देणं वेगळं. समुपदेशक गुरुवारी प्रत्येकाच्या खिशात असू शकत नाही, फोन असतो. एवढीच त्याची करामत.

‘पेग मोजून कुणी कमी पीत नाही.’

हाच तो बराचसा खरा मुद्दा.

त्याच प्रयोगात आणखी एक गट होता. त्यांनाही मेसेजवर पिण्याचे प्रश्न विचारले जात, त्यांचीही उत्तरं घेतली जात, पण उलट काहीच पाठवलं जात नसे. ना मर्यादेचा प्रश्न, ना सल्ला. त्यांचे बेसुमार पिण्याचे दिवस कमी तर झाले नाहीतच, उलट सरासरी ०.९ ने वाढले. म्हणजे नुसती हजेरी घेऊन फायदा शून्य.

स्वीडनचा अनुभव तर आणखी बोचरा आहे. तिथे दारूची किरकोळ विक्री ‘सिस्टेमबोलागेट’ या सरकारी मक्तेदारीकडे आहे आणि तिनेच ‘प्रोमिलेकोल’ नावाचं अ‍ॅप काढलं होतं. किती प्यालात ते टाका, रक्तातल्या अल्कोहोलचं अंदाजी प्रमाण पडद्यावर पाहा. २०१४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या, १,९३२ विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासात हे अ‍ॅप मिळालेले तरुण मुलगे आधीपेक्षा जास्त वेळा प्यायला लागल्याचं दिसलं. हेतू चांगला, परिणाम उलटा. माझा अंदाज असा की आकडा समोर आला की तो कुंपणाऐवजी धावफलक होतो. ‘अजून वाव आहे’ म्हणायला आणि मित्राच्या आकड्याशी ताडून पाहायला तो बरा पडतो.

शिवाय मोजणार काय? अर्ध्या लिटरच्या ५ टक्के बिअरमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, ८ टक्के स्ट्राँगमध्ये ३१ ग्रॅमच्या वर. जिभेवर दोन्ही ‘एक बिअर’च. वाइनच्या १२ टक्क्यांच्या ७५० मिलीलिटर बाटलीत ७१ ग्रॅम असतं. ती तिघांनी संपवली की प्रत्येकजण ‘मी एकच ग्लास घेतला’ म्हणतो, कारण ग्लास रिकामा होण्याआधीच कुणीतरी तो भरत होतं. अ‍ॅपमध्ये बोटाच्या एका टिचकीत ‘१’ नोंदवला जातो आणि पुढचं सगळं गणित त्या चुकीच्या एकावर उभं राहतं.

पण म्हणून सगळीच अ‍ॅप्स निकालात निघत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये उच्च शिक्षण घेणाऱ्या १,७७० विद्यार्थ्यांवर ‘स्मार्ट’ नावाचं अ‍ॅप वर्षभर तपासलं गेलं आणि २०२३ मध्ये निष्कर्ष आले. अ‍ॅप मिळालेल्यांचं आठवड्याचं पिणं दुसऱ्या गटापेक्षा साधारण १० टक्क्यांनी कमी राहिलं, बेसुमार पिण्याचे दिवसही जवळपास तितकेच कमी. त्यातही नोंदी होत्या, रक्तातल्या प्रमाणाचा हिशेब होता. पण सोबत स्वतःच्या पिण्याबद्दल नेमका अभिप्राय होता, मर्यादा ठरवायची सोय होती, परतताना गाडी कोण चालवणार आणि न पिता कोण राहणार हे ठरवायची सोय होती. सुरुवातीला ही मुलं आठवड्याला सरासरी साडेआठ पेये घेत. त्याचे १० टक्के म्हणजे एक ग्लासही नाही. ज्याला चमत्कार हवा त्याने इथे येऊ नये.

‘मोबाइलला सगळे खोटंच सांगतात.’

सांगत असतील. पण डॉक्टरला खरं सांगतात का? आईला? ‘दोनच घेतल्या’ हे वाक्य स्मार्टफोनच्या आधीचं आहे. वर सांगितलेल्या प्रयोगांत दोन्ही बाजूंचे आकडे स्वतः सांगितलेलेच होते, त्यामुळे सगळेच सारखं लपवत असतील तर गटांतला फरक त्यातून येत नाही. हां, ज्याला मर्यादा पाळायचे मेसेज येतात त्याला जरा जास्तच लपवावंसं वाटेल, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच न विचारता ओळखायचे प्रयत्न सुरू आहेत. सफोलेटो यांच्याच २०२० च्या एका छोट्या प्रयोगात २२ जणांच्या कमरेला मागून फोन बांधला, त्यांना पाजलं आणि दर तासाला थोडं चालवलं. निव्वळ चालीतल्या डगमगण्यावरून माणूस प्यालेला आहे की नाही हे सुमारे ९२ टक्के वेळा फोनला बरोबर ओळखता आलं. बावीस माणसं आणि प्रयोगशाळा. यावरून बाजारात लगेच काही विकायला काढू नये.

‘कमी प्या म्हणजे प्याच.’

इथे मजकूर दोन वेगळ्या माणसांना एकाच दावणीला बांधतो. एकाला दारू ‘लागलेली’ आहे: सकाळी हात थरथरतात, घोट मिळाला की थांबतात. त्याच्यासाठी ही अ‍ॅप्स नाहीतच. त्याने तर स्वतःच्या मनानेही एकदम थांबू नये, कारण अचानक बंद केल्यावर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. त्याने डॉक्टरकडे जावं. दुसरा आठवडाभर थेंब घेत नाही आणि शनिवारी तर्र होऊन गाडीची किल्ली खिशात चाचपतो. बेसुमार पिणाऱ्या तरुणांत हे दुसरेच जास्त असतात. ‘आयुष्यभर सोड’ म्हटलं तर तो ऐकणंच बंद करतो. ‘आज तिसऱ्यानंतर पाणी’ म्हटलं तर कदाचित ऐकेल. सुरक्षित म्हणावी अशी दारूची कुठलीच पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय आणि त्यात वाद नाही. पण सातावरून तीनावर येणं हे सातावर राहण्यापेक्षा बरं, हे कळायला संघटना लागत नाही.

फोनने पिढी बिघडवल्याच्या वाक्याला मी उत्तर देत नाही. दारू फोनपेक्षा बरीच जुनी आहे.

खरा आक्षेप त्या मजकुरात आलाच नाही. कोण, कधी, किती पितो ही माहिती अ‍ॅपकडून पुढे कुठे जाते? अमेरिकेत दारूच्या व्यसनावर ऑनलाइन उपचार देणाऱ्या ‘मॉन्युमेंट’ कंपनीवर एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. माहिती पूर्ण गुप्त राहील असं सांगून तिने ग्राहकांची माहिती मेटा, गूगलसारख्या कंपन्यांना जाहिरातींसाठी दिली होती, आणि त्याची झळ ८४,००० पर्यंत लोकांना बसली असावी असं आयोगाचं म्हणणं होतं. ‘माझ्या गुरुवारच्या उत्तराचं पुढे काय होतं?’ एवढं जरी त्या मजकुरात विचारलेलं असतं, तरी मी निमूटपणे तो पुढे पाठवला असता.