चारशे थडगी आणि एक मान

देवळाच्या दारात पोचल्यावर चपला काढायच्या, हे अक्काला सांगावे लागत नाही. तिचे पाय ते काम आपसूक करतात. त्यामुळे माल्टाची राजधानी व्हॅलेटा येथील सेंट जॉन को-कॅथेड्रलच्या दाराशी आमची रांग पोचली, तेव्हा माझी ही ६८ वर्षांची थोरली बहीण अनवाणी उभी होती आणि चपला कुठे ठेवायच्या, टोकन कोण देतो, याचा शोध घेत होती. दारावरच्या गृहस्थांनी अत्यंत अदबीने तिला चपला पुन्हा घालायला लावल्या. तिच्या मागे माझी पत्नी होती. तिच्या पायांत खास या प्रवासासाठी घेतलेले बारीक टाचांचे सँडल होते, आणि त्याच गृहस्थांनी तितक्याच अदबीने तिला ते काढायला लावले. एकाच दारात, एकाच माणसाने, नणंदेला चपला घालायला आणि भावजयीला काढायला सांगण्याचा हा प्रसंग आमच्या घरात पुढची अनेक वर्षे दोन वेगवेगळ्या पद्धतींनी सांगितला जाणार आहे.

कारण मात्र रास्त होते. या कॅथेड्रलची सबंध जमीन रंगीत संगमरवराच्या जडावकामाची आहे, आणि बारीक टाच अशा दगडावर छिन्नीसारखी बसते. अक्काच्या पिशवीत थालीपीठापासून सुई-दोऱ्यापर्यंत सर्व काही असते; तिने न्हाणीघरात वापरायच्या निळ्या रबरी स्लीपर काढून भावजयीच्या पुढ्यात ठेवल्या. युरोपातल्या अत्यंत वैभवशाली वास्तूंपैकी एकीत माझी पत्नी रेशमी कुर्ता आणि निळ्या स्लीपर अशा थाटात शिरली, आणि त्या दिवशीचे तिचे सर्व फोटो कमरेच्या वरचे आहेत.

आम्हाला इथे आणले ते अक्काच्या मुलाने. तो नोकरीनिमित्त माल्टात राहतो. "मामा, एक चर्च आहे, तासाभरात बघून होईल," असे तो म्हणाला होता, आणि बाहेरून पाहताना मला तासही जास्त वाटला. दोन बाजूंना दोन चौकोनी मनोरे, मधे सपाट भिंत, भिंतीला मधासारखा पिवळसर चुनखडी दगड. एखाद्या किल्ल्याचे कोठार असावे तसा एकंदर प्रकार. यात नवल नाही, कारण ज्या जिरोलामो कसारने ते १५७२ ते १५७७ या काळात बांधले, तो मुळात तटबंद्या बांधणारा लष्करी वास्तुकार होता, आणि ज्यांच्यासाठी बांधले ते सेंट जॉनच्या संप्रदायाचे नाइट, म्हणजे धर्मासाठी लढणारे सरदार, १५६५ साली तुर्कांचा मोठा वेढा सोसून नुकते कुठे सावरत होते. बरोक ही भपकेदार सजावटीची शैली नंतर, पुढच्या शतकात, आतून शिरली. जुन्या गोव्यातले बॉम जेझूस बाहेरून उघड्या जांभ्या दगडाचे आणि आत सोन्याने मढवलेल्या वेदीचे आहे. तोच न्याय इथे, फक्त सोने वेदीपाशी थांबत नाही. ते भिंती चढते, कमानी ओलांडते, खांबांवरून उतरते. एक चौरस वीतही मोकळी जागा सापडत नाही. पाने, फुले, देवदूत, मुकुट आणि आठ टोकांचे क्रूस हे सगळे भिंतीच्याच दगडात जागेवर कोरलेले आहे, वरून चिकटवलेले नाही, ही माहिती भाच्याने दिली तेव्हा पत्नीने इतकेच विचारले, "आणि याची धूळ कोण झाडतं?"

खरी पंचाईत मात्र पायांखाली होती. त्या जमिनीतला एकेक संगमरवरी तुकडा म्हणजे एकेका नाइटचे थडगे आहे, आणि अशी सुमारे ४०० थडगी एकमेकांना खेटून मांडलेली आहेत. प्रत्येकावर त्या त्या घराण्याचे मानचिन्ह, लॅटिनमधला मजकूर, तुतारी फुंकणारे देवदूत, आणि शिवाय सांगाडे: कोयता घेतलेले सांगाडे, वाळूचे घड्याळ धरलेले सांगाडे, हाडांची फुली आणि वर कवटी. चालायला दुसरी वाट नाही. जिथे पाऊल टाकाल तिथे कोणीतरी सरदार पहुडलेला आहे.

अक्काला भाच्याने हे सांगितले आणि ती जागच्या जागी थिजली. वहीला पाय लागला तरी तिला हात लावून कपाळाला लावायचा, हा ज्या घराचा नियम, तिथल्या बाईने माणसांवरून चालायचे कसे? त्यातून ती आषाढीला पंढरपूरला जाणारी. महाद्वारातली नामदेव पायरी तिने आजवर कधी पायाने शिवलेली नाही. आधी पायरीचे दर्शन, मग ती ओलांडून विठोबाकडे. तिथे एक पायरी ओलांडली की काम भागते. इथे एक ओलांडावी तर पुढचे पाऊल दुसऱ्यावर पडणार आणि ते चुकवावे तर तिसऱ्यावर. प्रथम तिने प्रत्येक थडग्याला वाकून हात लावायला सुरुवात केली. सातव्या थडग्यापाशी गुडघ्यांनी तक्रार केली. मग तिने उभ्यानेच पाऊल टाकायचे, हात कपाळाला लावायचा, छातीशी न्यायचा आणि पुढे सरकायचे, असा सुटसुटीत विधी ठरवला. शेजारून चाललेल्या एका युरोपीय आजीबाईंना तो क्रूसाचा कुठलासा प्राचीन प्रकार वाटला असावा. त्यांनी थांबून स्वतःही क्रूस केला आणि अक्काला आदराने वाट करून दिली. अक्काने त्यांना नमस्कार केला. त्यांनी पुन्हा क्रूस केला. हा व्यवहार आणखी किती लांबला असता कोण जाणे. मीच अक्काला कोपराला धरून पुढे नेले.

मी स्वतः वेगळ्याच अडचणीत होतो. खाली सांगाडे आणि वर छत. ते लांबलचक अर्धगोल छत मात्तिआ प्रेती नावाच्या कालाब्रियाच्या चित्रकाराने १६६१ ते १६६६ या काळात रंगवले. ओल्या गिलाव्यावर रंगवण्याची इटलीतली नेहमीची रीत सोडून त्याने दगडाला अस्तर देऊन थेट तैलरंग लावले, आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे, म्हणजेच सेंट जॉनचे, चरित्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चितारले. कमानी जिथून उगवतात तिथे बसवलेल्या आकृत्यांना त्याने अशा सावल्या दिल्या आहेत, की ते पुतळे आहेत की चित्रे हे खालून ठरवता येत नाही. ते ठरवण्याच्या नादात मी मान मागे टाकून चार पावले चाललो आणि एका सद्गृहस्थांच्या पाठीवर आदळलो. तेही मान मागे टाकून उलटे चालत होते. आम्ही दोघांनी एकमेकांची क्षमा मागितली, तीही वर बघतच. बरोक वास्तुकारांनी माणसाच्या देहाचा विचार केला असेलच, पण त्यांच्या हिशेबी माणसाला दोन माना असाव्यात, एक वर पाहायला आणि एक खाली.

पत्नीने हा प्रश्न पाच मिनिटांत सोडवला. तिने मोबाइलचा समोरचा कॅमेरा सुरू केला, तो ताटासारखा तळहातावर आडवा धरला आणि मान किंचित खाली घालून सबंध छत त्यात पाहत ती संथ चालू लागली. पावलांखालचे सांगाडे आणि डोक्यावरचे संत तिला एकाच नजरेत दिसत होते. मी मात्र हट्टाने मूळ कलाकृतीच पाहत राहिलो आणि त्याची किंमत संध्याकाळी मोजली.

माझ्या कानाला माहिती सांगणारे यंत्र होते. क्रमांक दाबायचा आणि ऐकायचे, इतके ते सोपे आहे. पण मी सुरुवातीलाच काहीतरी चुकीचे दाबले आणि ते कळायला मला अर्धा तास लागला. या नाइटांची त्यांच्या मुलखांनुसार आणि भाषांनुसार मंडळे होती, आणि दोन्ही बाजूंच्या दालनांपैकी एकेक दालन एकेका मंडळाच्या वाट्याला दिलेले होते: प्रोव्हान्सचे, इटलीचे, जर्मनीचे, आरागॉनचे, कास्तीलचे असे. सगळे एकाच देवाचे सेवक, तरी शेजारच्या दालनापेक्षा आपले दालन उजळ दिसावे, म्हणून त्यांनी पैसा ओतला. मी आरागॉनच्या दालनात उभा होतो. समोर प्रेतीच्या चित्रात घोड्यावर बसलेला सेंट जॉर्ज आणि त्याने मारलेला अजगर. कानात मात्र जर्मनीचे दालन चालू होते आणि तीन ज्ञानी पुरुष बाळ येशूला सोने, ऊद आणि गंधरस अर्पण करीत होते. त्या बालकाच्या भेटीला अजगर कोणी आणला असावा, याचा मी बराच वेळ विचार केला. पत्नीला तसे समजावूनही सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि माझ्या कानातले यंत्र काढून भाच्याकडे दिले.

याच दालनात अक्काचा जीव रमला. तिथे निकोलास कोतोनेर या ग्रँड मास्टरचे, म्हणजे संप्रदायाच्या प्रमुखाचे, स्मारक आहे: तोफा, ढाली आणि झेंडे यांचा संगमरवरी ढीग, आणि तो सगळा भार पाठीवर पेलून वाकलेले दोन गुलाम. मी त्या गुलामांच्या चेहऱ्यांकडे पाहत होतो, कारण त्या सबंध वैभवात कष्ट झालेले दिसतात असे चेहरे ते दोनच. अक्का मानचिन्हाकडे पाहत होती. "अरे, ही तर पऱ्हाटी!" ती एकदम म्हणाली. मी म्हटले, माल्टात कुठली पऱ्हाटी. पण यवतमाळच्या काळ्या मातीत जन्म गेलेल्या बाईला कपाशीचे झाड ओळखायला लॅटिन लागत नाही. भाच्याने यंत्र नीट लावून खातरजमा केली. कोतोनेर हे आडनावच कापसावरून आलेले आहे आणि त्यांच्या मानचिन्हात खरोखरच कपाशीचे झाड आहे. छताचा खर्च रफाएल आणि निकोलास या दोघा कोतोनेर बंधूंच्या कारकिर्दीतला, त्यामुळे एकदा डोळ्यांना सवय झाल्यावर ते झाड वरही सापडू लागले. त्यानंतर अक्काने सेंट जॉनमध्ये विशेष लक्ष घातले नाही. ती बोंडे मोजत होती.

चांदीच्या दारापाशी आम्ही फार थांबलो नाही. १७९८ साली नेपोलियनच्या सैन्याने माल्टा घेतले आणि संप्रदायाची चांदी लुटून नेली, तेव्हा हे दार काळा रंग फासून लाकडाचे भासवले आणि त्यामुळे ते वाचले, अशी आख्यायिका सांगतात. "शहाणी माणसं," अक्का म्हणाली. "काळं पडलेलं चांदीचं भांडं पाहुणासुद्धा मागत नाही."

एव्हाना माझी मान, कंबर आणि कलासक्ती तिन्ही संपली होती. इतके सोने पाहिल्यावर डोळ्यांना ते दिसेनासे होते. लग्नाच्या पंगतीत चौथ्या गोड पदार्थाला जिभेचे जे होते तेच. अशा अवस्थेत भाच्याने आम्हाला शेजारच्या प्रार्थनादालनात नेले. तिथे समोरच्या भिंतीवर काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचे चित्र आहे: योहानाचा शिरच्छेद, १६०८ साली काढलेले, उंची साडेतीन मीटरहून जास्त, रुंदी पाच मीटरहून जास्त. एवढ्या प्रचंड पटाचा निम्मा भाग त्याने रिकामा ठेवला आहे. नुसती तुरुंगाची काळपट भिंत. उजवीकडे गजांच्या खिडकीतून दोन कैदी डोकावतात, बाकी काही नाही. अडीच तासांत प्रथमच माझ्या डोळ्यांना टेकायला जागा मिळाली, आणि सबंध कॅथेड्रलमधले सोने आपण या काळ्या भिंतीसाठी ओलांडून आलो असे मला वाटले.

डावीकडे सगळी माणसे दाटीने उभी आहेत. योहान जमिनीवर पालथा पडला आहे, तलवारीचे काम अर्धवट झाले आहे, आणि मारेकरी ते पुरे करण्यासाठी पाठीमागे कमरेचा सुरा चाचपतो आहे. तुरुंगाधिकारी बोटाने भांडे दाखवतो, एक तरुणी ते पुढे धरून वाकली आहे, आणि एक म्हातारी दोन्ही हातांनी आपले डोके गच्च धरून उभी आहे. अक्का बराच वेळ काही बोलली नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "ती परात धरलीय ना पोरीनं, ती रोज कणीक भिजवताना धरत असेल तशीच धरलीय." आणि थोड्या वेळाने, "काय झालं ते त्या म्हातारीला एकटीला कळलंय."

मानेतून वाहिलेल्या रक्तात काराव्हाज्जोने आपले नाव लिहिले आहे. त्याने सही केलेले हे एकमेव चित्र. नावाआधीचे अक्षर 'फ्रा' म्हणजे बंधू या अर्थाचे मानतात, कारण रोममध्ये एकाचा खून करून पळालेला हा माणूस त्याच वर्षी जुलैत या संप्रदायाचा नाइट झाला होता. पुढे काही महिन्यांतच त्याने मारामारी केली, किल्ल्यात कैद झाला, तिथून निसटून सिसिलीला पळाला, आणि १ डिसेंबर १६०८ रोजी संप्रदायाने याच दालनात सभा भरवून त्याला सडका अवयव ठरवत काढून टाकले. माणूस काढला, चित्र ठेवले. आमच्या गावच्या पतसंस्थेत एका संचालकाच्या बाबतीत असेच झाले होते, फक्त तिथे मागे राहिला होता तो त्याने दिलेला पंखा.

बाहेर पडताना अक्का थडग्यांवरून अगदी सहज चालत होती. मी विचारले तेव्हा म्हणाली, "नामदेवांनी पायरीची जागा मागून घेतली होती. यांनीही देवाच्या दारातली जागा मागूनच घेतली असणार, जबरदस्तीनं कोण पुरतंय? मग लोकांचे पाय लागणार हे त्यांना ठाऊक होतंच की." पण हात कपाळाकडे जात होताच. सवय.

रात्री भाच्याच्या घरी मी मानेला बाम चोळून घेत पालथा पडलो होतो. मघाचा योहान जसा पडला होता जवळजवळ तसाच, असे पत्नी म्हणाली. मी उशीत तोंड खुपसूनच विचारले, की या चर्चला नुसते कॅथेड्रल न म्हणता को-कॅथेड्रल का म्हणतात. भाच्याचा चेहरा उजळला असावा, कारण आवाज उजळला. बिशपचे मूळ पीठ म्दीना या जुन्या राजधानीत आहे, तो म्हणाला. १८१६ साली पोपने व्हॅलेटाच्या या चर्चला त्याच्या बरोबरीचा मान दिला, म्हणून 'को'. म्दीनाचे कॅथेड्रल १६९३च्या भूकंपात बरेचसे कोसळले आणि नंतर नव्याने बांधले, तेही बरोक, तिथेही प्रेतीची चित्रे आहेत, आणि उद्या सकाळी नऊची बस आहे.

"जमिनीत थडगी आहेत का रे तिथे?" अक्काने विचारले.

"आहेत, आई."

पत्नी उठली आणि तिने निळ्या स्लीपर धुऊन गच्चीत वाळत टाकल्या.