मातीच्या गॅस किटला १ स्टार देणाऱ्या दादांना उत्तर

दादा नमस्कार, रबाळ्यातला किटवाला बोलतोय, मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड मोजायचं किट बनवतो तो. पार्सल ४ दिवस लेट आलं त्याबद्दल सॉरी, चूक आमचीच, कुरियरवर ढकलत नाही.

पण "बोगस सेन्सर, मुरबाडच्या शेतात ३,८०० दाखवतो, पैसे पाण्यात" हे वाचून रात्री झोप नाही लागली खरं सांगतो. तुम्हीच टाकलेला फोटो जरा मोठा करून बघा. रिंग, म्हणजे मातीत रोवून जिच्यावर झाकण लावायचं ती, नुकतीच हातोडीने ठोकलेली, बाजूची माती उकरलेली, आणि झाकण लावायच्या आधी तुम्ही तिघं तिच्यावर डोकं घालून बसलाय. माणसाच्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड ४०,००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) आसपास असतो, मोकळ्या हवेत सव्वाचारशे-साडेचारशे, मग त्या बिचाऱ्या सेन्सरने दाखवायचं तरी काय? रिंग आदल्या दिवशी रोवून ठेवायची असते, माती हलली की आत अडकलेला गॅस भसकन बाहेर येतो. त्यात तुमच्याकडे पहिला पाऊस होऊन गेलेला, सुक्या मातीला पाणी लागलं की जिवाणू जागे होतात, तेव्हा आकडा तसाही चढतोच. आणि नुसता आकडा बघायचाच नसतो हो, झाकण लावल्यावर ३-४ मिनिटांत किती वाढला ते बघायचं. हे सगळं मी फोनवर पाऊण तास सांगितलं होतं, तुम्ही जेवत होतात, हो हो म्हणालात.

युरियाचा गॅस दाखवत नाही म्हणूनपण नाराज आहात. तो गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड, हवेत जेमतेम ०.३३ पीपीएम, तो पकडणारं मशीन लाखांत जातं, ९ हजारांच्या किटमध्ये मी कुठून आणू? मिथेनचंही तेच, स्वस्तातले सेन्सर हवेत दमटपणा वाढला तरी मिथेन वाढला म्हणून सांगतात, म्हणून आम्ही तो घातलाच नाही. घातला असता तर कदाचित ५ स्टार मिळाले असते.

गाळ्याचं भाडं आहे, सोल्डरिंगला दोन पोरं आहेत, एका स्टारने चौकशीचे फोन बंद होतात दादा. मराठी माहितीपत्रकाचं काम चालू आहे, व्हिडिओचंपण बघतो. इकडे आलात तर किट घेऊन या, तुमच्यासमोर चेक करून देतो, पैसे नकोत. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, तो फोटो तर अजिबात हटवू नका.