आंदोलन जोमाने वाढवण्याविषयी सत्ताधाऱ्यांना चार शब्द

आपल्या हाती सत्ता असेल आणि चौकात काही विद्यार्थी फलक घेऊन बसले असतील, तर खरा धोका एकच असतो: ते कंटाळून घरी जातील. तसे होऊ द्यायचे नसेल, तर त्यांना भल्या पहाटे झोडपून काढावे. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी युक्रेनच्या राजधानीत, कीव्हमध्ये, सरकारने युरोपीय संघाशी करार टाळला म्हणून बसलेल्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी नेमके हेच केले आणि ज्यांना त्या कराराशी काडीचे देणेघेणे नव्हते, अशा आईबापांसह लाखोंची गर्दी दुसऱ्या दिवशी रस्त्यावर उतरली. तेवढ्याने भागले नाही, तर निदर्शनांत शिरस्त्राण घालणे हा गुन्हा ठरवणारा कायदा, तिथल्यासारखाच, संसदेत नुसते हात वर करवून संमत करून घ्यावा. तिथे तो १६ जानेवारी २०१४ रोजी झाला आणि तीनच दिवसांत लोक डोक्यावर पातेली आणि चाळण्या घालून हजर झाले. पुढच्या महिन्यात राष्ट्राध्यक्षांनी पळ काढला, हा भाग आपण वगळून वाचावा.

गोळीबारच करायचा ठरले, तर दिवसांचा हिशोब चोख ठेवावा. जानेवारी १९७८ मध्ये इराणमधील कोम येथे निदर्शक मारले गेले. त्यांच्या चाळिसाव्याला, १८ फेब्रुवारीला, तब्रीझमध्ये लोक जमले आणि तिथेही गोळ्या चालल्या. मग तब्रीझच्या मृतांचा चाळिसावा यझ्दमध्ये पाळला गेला. पुढची तारीख कोणती, यावर आंदोलकांना डोके शिणवावेच लागले नाही, कारण वेळापत्रक शहाचे सरकारच पुरवत होते.

चर्चेला तयार असलेल्यांवर मात्र सर्वांत आधी बंदी घालावी. दक्षिण आफ्रिकेत १९६० साली शार्पव्हिलला निदर्शकांवर गोळीबार करून ६९ जणांचा बळी घेऊन लगेच आफ्रिकन नॅशनल काँग्रेस ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना बेकायदा ठरवली गेली आणि डिसेंबर १९६१ मध्ये तिच्या सशस्त्र शाखेचे स्फोट सुरू झाले. ‘हे लोक हिंसक आहेत’ हा सरकारचा आरोप असा रीतसर खरा करून घेता येतो. पुढेमागे वाटाघाटींसाठी माणूस लागलाच, तर तो आपल्याच तुरुंगात २७ वर्षे जपून ठेवलेला असतो.

दडपशाही यशस्वीही होते, हे मान्य करायला हवे. १९८९ साली बीजिंगमध्ये, तिआनमेन चौकातल्या आंदोलनाबाबत, ती झाली. मात्र तिथे अजूनही दरवर्षी त्या कारवाईचा स्मृतिदिन, ४ जून, जवळ आला की चौकातला पहारा वाढवावा लागतो आणि इंटरनेटवर मेणबत्तीच्या चित्रावरही नजर ठेवावी लागते. तेव्हा अशा यशाच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात कायमस्वरूपी तरतूद अवश्य करून ठेवावी.