पिन बसली की झालं!

घराच्या राखणीला स्वतःच सीसीटीव्ही उभारायचाय? मग माळ्यावरचा जुना पीसी खाली उतरवा, त्यावरची धूळ फुंका आणि स्वतःची पाठ थोपटून घ्या. अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे कॅमेरे, आणि ते पीसीला जोडायला जी काय वस्तू लागेल ती. कोणती लागेल हे शोधत बसू नका, मी आहे ना. शेळ्या मी उंटावरूनच हाकतो हे खरं, पण इतकी वर्षं हाकतोय की आता उंटालाही रस्ता पाठ झालाय.

या शास्त्राचा नियम एकच: पिन बसली की झालं. बसत नसेल तर कन्व्हर्टर मिळतो. कन्व्हर्टरही बसत नसेल तर थोडा जोर लावावा. सॉफ्टवेअरवाले ‘या या उपकरणांबरोबर तपासून पाहिलंय’ अशी एक लांबलचक यादी देतात; ती त्यांनी हौसेनं केलेली असते, आपण तिच्या वाटेला जाऊ नये. ‘किमान आवश्यकता’ मात्र जरूर वाचा, आणि त्यातला ‘किमान’ हा शब्द त्यांनी विनयानं लिहिलाय असं धरून चला.

पहिली खरेदी कॅप्चर कार्डाची, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र पीसीत घेणाऱ्या कार्डाची. जुने ॲनालॉग कॅमेरे असतील, त्यांच्या आरजी-५९ केबली आणि बीएनसी कनेक्टर भिंतीतून लोंबत असतील, तर कार्ड घेताना त्याच्या पाठीवरची भोकं मोजा. चार भोकं, चार कॅमेरे. सोळा भोकं, सोळा कॅमेरे. गणित इतकं सोपं असताना काही लोक उगाच कार्ड उलटं करून त्यावरच्या चिपा मोजतात. एके काळी स्वस्त कार्डांवर टीव्ही कार्डातली बीटी८७८ ही चिप किंवा तिचीच बहीण फ्यूजन ८७८ए असायची, आणि चार भोकांच्या मागे ती बिचारी एकटी. तिला एका वेळी एकच कॅमेरा दिसतो. ‘पाल’ या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या सेकंदाला २५ फ्रेम, भागिले चार, म्हणजे सहा-सहा तरी पडतील, असा हिशेब मीही केला होता. पण चिप एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारते तेव्हा नव्या सिग्नलशी तिला पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, त्यात फ्रेमा वाया जातात, आणि हाती उरतात दोन-तीन. एका फ्रेममध्ये माणूस फाटकाच्या आत, पुढच्यात माणूसही नाही आणि सायकलही नाही. मधलं तुम्ही कल्पनेनं भरा.

आता कुणी म्हणेल, मग भोकागणिक चिप असलेलं कार्ड घेऊ. घ्या की! आणि ते पीसीआय स्लॉटात, म्हणजे मदरबोर्डावरच्या जुन्या धाटणीच्या खाचेत, बसवा. ३२ बिटांची, ३३ मेगाहर्ट्झची पीसीआय बस (या खाचांचा माहिती वाहणारा रस्ता) सेकंदाला जास्तीत जास्त १३३ एमबी वाहून नेते, तेही कागदावर, आणि तेही सगळ्या स्लॉटांना मिळून. ७०४ बाय ५७६ चं एक कच्चं चित्र, पिक्सेलला दोन बाइट, सेकंदाला २५ वेळा, म्हणजे एका कॅमेऱ्याचे २० एमबी झाले. सोळा कॅमेऱ्यांचे ३२४. दहा माणसांच्या बाकावर पंचवीस जण बसवायचे आहेत. कार्डावरच कॉम्प्रेशन होत असेल तर हा प्रश्नच येत नाही म्हणतात, पण तसलं कार्ड महाग असतं आणि दोघांनाही भोकं तितकीच असतात.

तुमच्या पीसीत पीसीआय स्लॉट असेल असं मी इथे गृहीत धरलंय. नव्या मदरबोर्डावरून तो केव्हाच हद्दपार झालाय. काळजी नको, वर सांगितलेला कन्व्हर्टर आहेच. खरी मौज ड्रायव्हरची, म्हणजे विंडोजला कार्डाची ओळख करून देणाऱ्या प्रोग्रॅमची. कार्डाबरोबर आलेली सीडी एक्सपीच्या काळातली, आणि तुमचं विंडोज ६४ बिटांचं, ज्याला सही नसलेला ड्रायव्हर चालत नाही. ड्रायव्हर निदान ६४ बिटांचा असेल तर यावर तोडगा आहे. पीसी सुरू होताना स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जा, सातवा पर्याय निवडा, सहीची सक्ती उठते. फक्त तेवढ्या वेळेपुरती. पुढच्या वेळी पीसी सुरू झाला की पुन्हा सातवा पर्याय. म्हणजे रात्री तीनला वीज जाऊन आली की पीसी ड्रायव्हरविनाच उठणार आणि तुमची सुरक्षा यंत्रणा कुणीतरी येऊन सात दाबेपर्यंत डोळे मिटून उभी राहणार. त्या रात्री जो येईल त्यालाच दाबायला सांगा.

लिनक्सवाल्यांनी हसू नये. बीटीटीव्ही हा ड्रायव्हर तुमचं कार्ड ओळखू शकला नाही तर ‘कार्ड नंबर सांगा’ म्हणतो, आणि त्याच्या यादीत दीडशेहून जास्त कार्डं आहेत. एकेक नंबर घालून बघायचा. एका नंबरला चित्र येतं पण काळंपांढरं, दुसऱ्याला रंग येतात पण भलत्याच कॅमेऱ्याचे. मी ७७ पर्यंत गेलो होतो. पुढे काय झालं ते विचारू नका, दुसऱ्या दिवशी मी यूएसबीवाली डबी आणली.

तीही तुम्हाला सुचवतोच. बोटाएवढी डबी, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला रंगीत पिना. पहिली छान चालली म्हणून तिथूनच तस्साच खोका असलेली दुसरी आणली. तोच रंग, तेच नाव, खोक्यावरचं शुद्धलेखनसुद्धा त्याच ठिकाणी चुकलेलं. पण पहिलीचा ड्रायव्हर दुसरीला ओळखच दाखवीना. शेवटी स्क्रूड्रायव्हरनं कवच उचकटलं. पहिलीत एसटीके११६० चिप होती, दुसरीत यूटीव्ही००७. जुळ्या भावंडांची आडनावं वेगळी! असल्या डब्यांत बाहेरून सगळं सारखं आणि आत चारपैकी कुठलीही चिप निघते. तेव्हा डबी घेण्याआधी उघडून बघा म्हणावं, तर विकणारा उघडू देत नाही, आणि घेतल्यावर उघडली तर परत घेत नाही.

एवढं झाल्यावर माणूस आयपी कॅमेऱ्यांकडे, म्हणजे नेटवर्कवरून चित्र पाठवणाऱ्या कॅमेऱ्यांकडे, वळतोच. इथे मात्र चिंता नाही, कारण खोक्यावर ‘ऑनव्हिफ’ असं छापलेलं असतं. ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये मिळून हा प्रपंच सुरू केला, जेणेकरून कुणाचाही कॅमेरा कुणाच्याही सॉफ्टवेअरशी बोलेल. बोलतातही. पण ऑनव्हिफमध्ये प्रोफाइल नावाच्या पोटजाती आहेत. साध्या चित्रासाठी एस, एच.२६५ (व्हिडिओ आवळण्याची पद्धत) हवं असेल तर टी, कॅमेऱ्यातल्या कार्डावरचं रेकॉर्डिंग मागवायचं असेल तर जी. कॅमेऱ्याला एस येतं, सॉफ्टवेअरला टी हवं, तर दोघं एकमेकांना नमस्कार करतात, हवापाण्याचं बोलतात, आणि हालचाल दिसल्याची खबर द्यायची वेळ आली की दोघेही आढ्याकडे बघतात. कुठलं मॉडेल कुठल्या प्रोफाइलला उतरलंय याची यादी ऑनव्हिफच्या साइटवर कुणालाही बघता येते. अर्थात यादी म्हटल्यावर आपलं धोरण ठरलेलं आहे.

पासवर्ड आला तोच ठेवा. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमनं असेच कंपनीतून आलेले पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डिंगचे डीव्हीआर कामाला लावले होते. तुमचा कॅमेरा घरचं काम करत नसेल, निदान बाहेर तरी नाव काढेल.

प्रोसेसर घेताना आकडा मोठा बघा, शेवटचं अक्षर बघू नका. इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असला तर त्यात ग्राफिक्सचा भाग नसतो, म्हणजे व्हिडिओ उलगडणारं क्विक सिंकही नसतं, आणि सोळा कॅमेऱ्यांचं एच.२६५ उलगडण्याची हमाली प्रोसेसरच्या मुख्य कोअरांवर येते. टास्क मॅनेजरमध्ये १०० टक्के दिसलं की समाधान मानावं, दिलेल्या पैशाचा पुरेपूर वापर चाललाय. कॅमेरा पडद्यावर बघण्यासाठी एक छोटा सब-स्ट्रीमही देतो, त्यानं हा भार पुष्कळ उतरतो. पण पडद्यावर बोटभर चौकटीत ४के चित्र बघण्यातली श्रीमंती त्यात नाही.

डिस्कबद्दल मात्र मी थोडा सविस्तर बोलणार आहे, कारण घात इथेच होतो आणि तोही सावकाश. पीसीत आहे तीच डिस्क ठेवा. कॅमेऱ्यामागे सेकंदाला ४ मेगाबिट धरले, तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला ४३ जीबी, सोळांचे ६९१. दोन टीबीची डिस्क तीन दिवससुद्धा पुरत नाही. म्हणजे शनिवारी काही घडलं आणि तुम्हाला बुधवारी कळलं, तर त्यावर मंगळवारचं अंगण लिहून झालेलं असतं, स्वच्छ आणि रिकामं. पण जागा ही किरकोळ बाब. डेस्कटॉपच्या कित्येक डिस्कांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात दोन आकडे असतात: वर्षाला २४०० तास आणि वर्षाला ५५ टीबी. कॅमेऱ्यांना रात्र नसते. चोवीस तासांप्रमाणे २४०० तास शंभर दिवसांत संपतात, म्हणजे १ जानेवारीला लावलेल्या डिस्कचं वर्ष १० एप्रिलला पुरं होतं. ५५ टीबी तर ऐंशी दिवसांतच. पुढचे सगळे महिने ती निव्वळ शब्दाला जागते.

त्यातून ती एसएमआर निघाली तर दुधात साखर. या डिस्कवर माहितीचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात. एकदा लिहून वर्षभर वाचायच्या फायलींना हे चालतं, पण आपल्याकडे सोळा जण रात्रंदिवस जुनं पुसून नवं लिहीत असतात, म्हणजे कायम छप्पर उतरवलेलंच. खोक्यावर हे बहुधा लिहिलेलं नसतं, तेव्हा निवड करण्याचा ताप वाचतो. शिवाय साध्या डिस्कचा स्वभाव चिकाटीचा. खराब सेक्टर लागला की ती तो वाचायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, काही सेकंद जगाचं भान विसरून, आणि तेवढ्यात येणाऱ्या फ्रेमा दारातूनच परत जातात. पाळतीसाठी बनवलेली डिस्क तिथे फार अडकत नाही, एक ठिपका बिघडला तर बिघडला म्हणून पुढे सरकते. मला विचाराल तर ही बेफिकिरी झाली. हिशेबाची फाइल असो की चोराचा फोटो, काम जीव ओतूनच करावं!

केबल कुठलीही घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची हलकी असते, ओढायला बरी पडते.

पीओई स्विच म्हणजे एकाच केबलीतून कॅमेऱ्याला नेटवर्कही आणि वीजही देणारी पेटी; तिचं तंत्रही भोकांचंच. आठ पोर्ट, आठ कॅमेरे. ८०२.३एएफ हे पीओईचं मानक प्रत्येक पोर्टाला १५.४ वॅट देतं हे खोक्यावर ठळक असतं; सगळ्यांना मिळून ६० वॅटच आहेत हे मागच्या बाजूला असतं. दिवसा प्रत्येक कॅमेरा पाच वॅट घेतो, एकूण ४०, सगळं आलबेल. तुम्ही शिडी घडी करून ठेवता. संध्याकाळ होते, आठही कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे एकदम लागतात, पाचाचे नऊ होतात, एकूण ७२. दोन कॅमेरे गळतात, पुन्हा चालू होतात, मग दुसरे दोन गळतात. सकाळी तुम्ही तपासायला जाता तेव्हा आठही कॅमेरे टक लावून तुमच्याकडे बघत असतात. ही तक्रार घेऊन तुम्ही ज्याच्याकडे जाल तोही दिवसाच येईल.

यूपीएस पीसीला लावा, स्विचला नको. वीज गेल्यावर पीसी तरी जागा राहील आणि ‘सिग्नल नाही’ हे सोळा चौकटींत नीट रेकॉर्ड करेल. वीज आल्यावर पीसीनं आपोआप उठावं अशी एक सोय बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मुळातल्या सेटिंगांत, असते, ती बहुतेक बोर्डांवर बंदच येते. बंद राहू द्या, आपण घरी असतोच कधी ना कधी. मदरबोर्डावरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरीही जुन्या पीसीबरोबर आलेली तीच चालवा. ती संपली आणि इंटरनेटही नसलं, की बंद पडून उठलेल्या पीसीचं घड्याळ कुठल्या तरी जुन्या सालच्या १ जानेवारीला जाऊन बसतं.

तयार एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारी आयती पेटी, का घेत नाही, असं विचारणारा एक जण प्रत्येक ओळखीत असतो. त्याच्याकडे कॅमेरे चालतात, रेकॉर्डिंग असतं आणि सांगण्यासारखं काहीही नसतं.

राहिला कॅमेऱ्याचा डोळा. २.८ एमएमची लेन्स घ्या, सगळं अंगण एका चित्रात येतं. अनोळखी माणूस ओळखता यावा यासाठी आयईसी ६२६७६-४ हे पाळतीच्या कॅमेऱ्यांचं मानक २०१४ च्या आवृत्तीत मीटरला २५० पिक्सेल मागत होतं. १०८०पी कॅमेऱ्याच्या या लेन्समध्ये दहा मीटरवर साधारण २४ मीटर रुंदी मावते, मीटरला ८० पिक्सेल पडतात, म्हणजे फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा तेरा पिक्सेलांचा. परवा सायकल गेली तेव्हा मी ते तेरा पिक्सेल मोठे करून बघितले. कोण असावा ते सांगता येत नाही, पण मफलर असावा. मग बाकीचं रेकॉर्डिंगही चाळलं. एक चेहरा मात्र लख्ख सापडला, दोनशेहून जास्त पिक्सेलांचा, कपाळावरचा घाम मोजता यावा इतका. शिडीवर चढलेला, तोंडात स्क्रूड्रायव्हर धरलेला, कॅमेऱ्यापासून दोन फुटांवर, कनेक्टर हलवून बघतोय. खाली तारीख होती १ जानेवारी २००९. त्या दिवशी मी कुठे होतो हे मला आता घरच्यांना समजावून सांगायचंय.