जळालेल्या तंगडीबद्दल मालकाचं उत्तर

नमस्कार दादा. तुमचा रिव्ह्यू काल रात्री मुलाने वाचून दाखवला. एक स्टार, आणि खाली "पाऊण तास थांबलो, तंगडी बाहेरून कोळसा, आतून कच्ची. भाकरी बरी होती." वहिनी आणि लेकरं तेवढा वेळ उपाशी बसली, त्याबद्दल माफी मागतो. रविवारची गर्दी होती, वेळ लागेल हे आधीच सांगायला पाहिजे होतं. आमचं चुकलं.

पण "कोळसा" हा शब्द फार लागला. नशिराबादजवळ याच रस्त्यावर नऊ वर्षं सिगडी लावतो, थंडीत लोक भरीत खायला येतात तेव्हाही तंगडी मागवल्याशिवाय उठत नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो, राग मानू नका.

आमच्या सिगडीत निखारे एकाच बाजूला असतात, दुसरी बाजू मुद्दाम रिकामी. बाभळीचा कोळसा पेटून त्यावर पांढरी राख धरल्याशिवाय जाळीवर काही ठेवत नाही. तंगडी आधी रिकाम्या बाजूला, वर टोप झाकून, अर्धा तास. हाडापर्यंत शिजते ती तिथेच. मग शेवटची पाचेक मिनिटं निखाऱ्यांवर घेतो, ती फक्त वरून डाग पडायला. हाडाच्या तंगडीला सगळं मिळून चाळीस मिनिटं जातातच, त्यात थंडीचा वारा सुटला की आणखी. तुमच्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर ८.४० आहे, प्लेट ९.२५ ला गेली.

आता जे लिहायचं नव्हतं ते. नऊच्या सुमारास तुम्ही स्वतः सिगडीपाशी आलात. "मी पुण्यात गच्चीवर दर महिन्याला करतो" म्हणालात, पोऱ्याच्या हातातला चिमटा घेतलात, टोप बाजूला ठेवून चारही तंगड्या निखाऱ्यांवर सरकवल्यात आणि वर कागदी प्लेटने वारा घातलात. मसाल्यातलं तेल निखाऱ्यावर गळलं की भडका उडतो. आमचा काळा मसाला आधीच काळा, त्यात दही लावलेलं, ते ज्वाळेत दोन मिनिटांत करपतं. आत मात्र उष्णता पोचायला वेळच लागतो. पोऱ्या सतरा वर्षांचा आहे, गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणणार? मी गल्ल्यावर होतो. उठून यायला पाहिजे होतं, तेवढं माझ्या पदरात घाला.

कच्चेपणाचं म्हणाल तर, प्लेट द्यायच्या आधी तुमच्यासमोर सुईचा थर्मामीटर खुपसून दाखवला होता. हाडाजवळ ७९ अंश. ७४ ला कोंबडी खाण्यालायक होते. ब्रॉयलर दीड महिन्याची असते, हाड कोवळं. हाडातल्या मगजाचा रंग लगतच्या मांसात उतरतो आणि पूर्ण शिजलं तरी तिथे लालसर दिसतं. हे तेव्हाही सांगितलं, पण तुम्ही फोटो काढत होतात.

बाकी, रविवारी दुसरी सिगडी लावायचं बघतोय, आणि सिगडीपुढे दोरी बांधायचंही चाललंय. मुलगा म्हणतो पाटी लावा, पण पाटीवर काय लिहायचं ते सुचत नाही.

भाकरीबद्दल लिहिलंत, आभार. ती कळण्याची होती, ज्वारी-उडदाची, घरची मंडळी थापतात. "बरी" वाचून त्यांनी मला काही विचारलं नाही, पण वाचलंय त्यांनी.

आणि एक. त्या रात्री तंगडीच्या प्लेटचे ४२० रुपये मी बिलातून काढले होते, न मागता. ते तुमच्या लिहिण्यात आलं असतं तर बरं वाटलं असतं.

– मालक