दोन तंबू, एक अ‍ॅडॉप्टर

केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, हे आईला कळलं तेव्हा तिचं अर्धं पॅकिंग उरकलं होतं. आमच्याकडे पॅकिंग म्हणजे पिशवीत पिशवी, तिला रबर, आणि मनाला शांती म्हणून वर आणखी एक पिशवी. मग जुन्या पातळाच्या कापडी पिशव्या शिवल्या गेल्या आणि मसाई मारात पोचेपर्यंत चिवडा सादळून गेला.

लॉज बायकोने शोधला होता. तालेक नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे अभयारण्य. मुलांसाठी वेगळं जेवण, पोहायचा तलाव, आणि सगळ्या कुटुंबासाठी शेजारीशेजारी दोन तंबू. एकात आई-बाबा, दुसऱ्यात आम्ही आणि पोरं. कुंपण नाही. त्यामुळे नियम असा, की अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पाऊल टाकायचं नाही. टॉर्च चमकवायची, मग लाल शुका, म्हणजे मसाई चादर पांघरलेला, हातात भाला घेतलेला मसाई पहारेकरी येतो आणि पोचवतो.

ज्याने हा नियम केला, त्याने मराठी कुटुंब पाहिलेलं नसावं. आमच्या घरात खरी वर्दळ रात्री नवानंतर सुरू होते.

केनियातले प्लग तीन चौकोनी पिनांचे. अ‍ॅडॉप्टर आणलेला एक, आणि तो बाबांच्या तंबूत. मी टॉर्च चमकवली. पहारेकरी आला, गंभीरपणे ऐकून घेतलं, अंधारात गेला आणि अ‍ॅडॉप्टर घेऊन आला. मी फोन लावला आणि लॉजचा जनरेटर रात्रीपुरता बंद झाला.

मग मुलीला आजीजवळ झोपायचं होतं. पोचवली. आजी घोरते म्हणून ती परत आली. तिकडे बाबांना पांघरुणात गरम पाण्याची पिशवी सापडली होती. मारा दीड हजार मीटरहून उंचावर आहे, रात्री चांगलाच गारठा पडतो, म्हणून लॉजवाले ती आधीच ठेवून जातात. बाबांची कंबर गेली कित्येक वर्षं कुरकुरते आहे. सिंह दिसला तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा इतका खुलला नव्हता. आमच्याकडची पिशवीही त्यांना हवी, असा निरोप भाल्यासकट आला.

जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास टांझानियातल्या सेरेंगेटीतून लाखो विल्डबीस्ट, म्हणजे गवत खाणारी मोठी हरणं, इथे येतात आणि मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडतात. आम्हाला दोन तंबूंमधली मुरमाची वाट ओलांडता येईना.

मध्यरात्रीच्या सुमारास झाडावरून कुणाचा तरी गळा आवळल्यासारखी किंकाळी आली. एकदा नाही, चढत चढत. दोन्ही तंबूंतून एकदमच टॉर्च चमकल्या. पहारेकरी शांत. ‘ट्री हायरॅक्स,’ म्हणाला. सशाएवढा प्राणी, झाडावर राहतो, आणि जिवंत प्राण्यांत हत्तीच्या जवळच्या नात्यातला. बाबांचा त्यावर विश्वास बसला नाही. माझा बसला. लग्नकार्यात मी असे नातेवाईक पाहिले आहेत: आकार एवढासा, आवाज मांडवाबाहेर.

त्या आवाजाने मुलगा जागा झाला, आणि जागा झाला म्हणजे त्याला भूक लागली. जेवणात त्याने फक्त बटाट्याच्या काचऱ्या खाल्ल्या होत्या. आईचा बेसनाच्या लाडवांचा डबा पलीकडच्या तंबूत. पुन्हा टॉर्च. या वेळी मात्र डबा येता येईना. पोरगा रडतोय, बायको माझ्याकडे बघतेय, मी झिपच्या फटीतून काळोखाकडे. अखेर डबा आला. मी दोन लाडू पहारेकऱ्याच्या हातावर ठेवले, त्याने तिथेच खाल्ले.

पहाटे सफारीसाठी उठवायलाही तोच आला. चहा ठेवता ठेवता त्याने वाटेवरचे रुंद, चार बोटांचे ठसे दाखवले. पाणघोडा. दिवसभर नदीत डुंबतो, रात्री बाहेर येऊन तीस-चाळीस किलो गवत खातो, आणि त्याच्या वाटेत कुणी आलेलं त्याला खपत नाही. काल तो आमच्या दोन तंबूंच्या मधोमध चरत होता.

‘कधी?’ मी विचारलं.

‘तुम्ही डबा मागितलात तेव्हा.’ तो झाडामागे उभा राहून पाणघोड्याचं पोट भरायची वाट बघत होता म्हणे. डबा काखेत.

मी आईला सगळं मराठीत सांगितलं. तिने ठसे नीट पाहिले, मग त्याच्याकडे पाहिलं.

‘तरीच म्हटलं,’ ती म्हणाली, ‘डब्यातले दोन लाडू फुटले कसे.’